४७ किलो कातरण

साताऱ्याच्या शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याची मागची खोली रिकामी करायची होती. वाडा पाडून तिथे इमारत होणार होती आणि गुढीपाडव्यापर्यंतची मुदत मिळाली होती. सासूबाई आमच्याकडे कोथरूडला राहायला यायच्या होत्या. भांडी, कपाटं, पलंग, पाटा-वरवंटा यांची वासलात लावायला दिवाळीनंतरचे तीन आठवडे पुरले. मागच्या खोलीला चार महिने लागले, कारण त्या खोलीत चिंध्या होत्या.

'चिंध्या' हा शब्द आईंना, म्हणजे सासूबाईंना, आवडत नाही. त्या 'कातरण' म्हणतात. सोळा-सतरा वर्षं त्या गोधड्या शिवत आल्या आहेत. आधी हाताने, नंतर पुण्यात एका वर्गाला जाऊन मशीनवरचं चौकोनाचौकोनांचं ठिगळकाम शिकून. गोधडी झाली की उरलेलं कापड मागच्या खोलीत. खोलीत पोती, उशांचे जुने अभ्रे, तांदळाच्या दहा किलोच्या पिशव्या, एक पत्र्याची ट्रंक, सगळं गच्च. रद्दीवाल्याचा स्प्रिंगकाटा मागून आणला आणि तुळईला अडकवून एकेक बोचकं तोललं. ४७ किलो भरलं.

आकडा ऐकून आई म्हणाल्या, "एवढं माझं नाही गं."

त्यांचं खरं होतं. पोती उपसताना ओळखी पटत गेल्या. हे कोपऱ्यावरच्या शिंप्याकडचं, त्यांनीच दुकानाची साफसफाई करताना आणून टाकलेलं. हे नणंदेच्या मैत्रिणीचं, बुटीक बंद केलं तेव्हाचं. हे समोरच्या काकूंच्या पडद्यांचं. "तुम्ही शिवता ना, म्हणून आणलं" असं म्हणत गावाने सोळा वर्षं त्यांच्या दारात पिशव्या ठेवल्या होत्या. कुणी विचारलं नव्हतं, हवंय का, कुठलं हवंय, किती हवंय. आईंनीही कधी नको म्हटलं नव्हतं. आमच्या अंदाजाने निम्म्याहून जास्त ढीग असा आला होता. लोकांची अडगळ दानाच्या वाटेने आमच्याकडे येऊन साठली होती.

म्हणून पहिल्याच आठवड्यात आमच्याकडून तेच घडलं याची मला अजून लाज वाटते. मी दोन पोती रिक्षात घातली आणि जुने कपडे स्वीकारणाऱ्या एका संस्थेच्या दारात नेली. तिथल्या बाईंनी पोत्याचं तोंड उघडून आत हात घातला आणि शांतपणे सांगितलं की आम्ही धुतलेले, अंगात घालता येतील असे कपडे घेतो, कातरण नाही. मी थोडी हुज्जत घातली. सुती कापडापासून सॅनिटरी पॅड करणाऱ्या संस्था आहेत, दिल्लीची गूंज कित्येक वर्षं ते काम करते, मग हे का चालू नये? त्यांनी एक मूठ बाहेर काढून माझ्यापुढे धरली. त्यात पॉलिस्टरचा एक तुकडा, जरीच्या काठाचा एक, रंग सुटणारा लाल एक आणि एक टाचणी. मी पोती परत आणली. रिक्षाचे जाता-येता दोनशे रुपये गेले.

बोहारणीकडेही प्रयत्न झाला. तिने पोत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चिंध्यांवर चमचाही येत नाही, ताई."

त्यानंतर नियम ठरला, आणि तो आईंनी ठरवला: समोरच्याने काय हवं ते सांगितल्याशिवाय घरातून एकही पिशवी हलवायची नाही.

वीत आणि चार बोटं

निवडायचं कसं यावर आमचा एक दिवस गेला. मला रंगाने लावायचं होतं, दिसायला छान दिसतं म्हणून. आईंनी हाताने मोजायला घेतलं. वीतभर आणि त्याहून मोठं एका बाजूला. चार बोटांपासून विती​पर्यंतचं दुसरीकडे. लांब पट्ट्या आणि काठ तिसरीकडे. चार बोटांच्या आतलं सगळं चौथ्या ढिगात, त्याला आम्ही 'चुरा' म्हणू लागलो. फूटपट्टी घेऊन बसलो असतो तर चार महिन्यांत निवडणंही संपलं नसतं.

पाचवा ढीग पॉलिस्टर, नायलॉन आणि मिसळीच्या कापडाचा. हाताला न समजलेल्या तुकड्याचा एक दोरा काढून परातीत जाळून पाहायचा. सुताचा दोरा कागदासारखा जळतो, राख भुरभुरते. पॉलिस्टरचा आक्रसतो आणि टोकाला काळा कडक मणी होतो. सहावा ढीग उंदराने कुरतडलेलं आणि बुरशीने काळं पडलेलं. साताऱ्याचा पावसाळा आणि बंद खोली, त्यामुळे हा ढीग मोठा निघेल अशी धास्ती होती, पण दोनच किलो निघालं. बाकीचं तीन दिवस उन्हात घातल्यावर कुबट वास गेला.

मोजदाद अशी झाली: वीतभर आणि मोठं ११ किलो, मधलं १४, पट्ट्या ६, चुरा ९, पॉलिस्टर ५ आणि फेकायचं २.

आणखी एक वर्गवारी होती आणि ती मला सुचलीच नसती. कोरं आणि नेसलेलं. शिंप्याकडची कातरण कोऱ्या कापडाची असते, कुणाच्या अंगाला न लागलेली. जुन्या साड्यांचे तुकडे नेसलेले. दिसायला फरक नाही, पण घेणाऱ्याला तो पहिला प्रश्न असतो. देवाच्या कामाला कोरंच लागतं. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला उलट, तिथे धुऊन धुऊन मऊ पडलेलं नेसलेलं लुगडंच हवं, कोऱ्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते. आणि गेलेल्या माणसाचं वस्त्र दुपट्यात घालायला पुष्कळ घरांत चालत नाही. आता कुठल्या तुकड्याचं मूळ कोण हे सोळा वर्षांनी सांगायचं कसं? आई मात्र निम्म्या तुकड्यांचं सांगत होत्या. "ही तुझ्या चुलतसासूची. नको, ही बाजूला ठेव."

निवडताना लोहचुंबक फिरवायची सवय लावून घ्यावी. आम्हाला १४ टाचण्या, दोन तुटक्या सुया आणि दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा मिळाला. तो पात्याचा तुकडा ज्या पोत्यात होता, ते पोतं मी संस्थेच्या दारात नेलं होतं.

ढीग का हलत नव्हता

आईंचा पहिला बेत सरळ होता. वेळ आहे, हात आहेत, गोधड्या शिवून संपवू. त्यांनी मशीन काढलं आणि मधल्या ढिगातून चौकोन कापायला घेतले. आठवड्याने काटा परत अडकवला तेव्हा ढीग होता तिथेच होता.

मी वहीत हिशेब मांडला. चार बोटांचा तुकडा म्हणजे साधारण तीन इंची चौकोन. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जातो, उरतो अडीच इंच. म्हणजे नऊ चौरस इंचांतले सव्वासहा दिसतात, जवळजवळ एक तृतीयांश आत दडपतं. दोन इंची चौकोनाचं तर ४४ टक्के कापड शिवणीत जातं. पाच फूट बाय सात फुटांच्या एका गोधडीला असे तीन इंची चौकोन आठशेच्या वर लागतात. आणि साध्या सुती कापडाचं वजन चौरस मीटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास धरलं, तर त्या आठशे तुकड्यांचं मिळून वजन होतं जेमतेम पावणेसहाशे ग्रॅम.

आठशे चौकोन कापा, जोडा, इस्त्री करा, आणि ढिगातून जाणार अर्धा किलो. मधला ढीग एकटाच १४ किलोचा. या वेगाने चोवीस गोधड्या झाल्या असत्या, आणि चौकोन कापताना निघणाऱ्या कडा परत चुऱ्यात पडल्या असत्या त्या वेगळ्याच.

गुंता सुटला मेढ्याकडच्या एका मावशींमुळे. त्या पूर्वी आमच्याकडे धुणंभांडी करायच्या, आता गावी शेती करतात आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात लोकांच्या वाकळा शिवून देतात. आईंचे नेटके चौकोन बघून त्यांना हसू आलं.

"ताई, वरनं दिसतंय ते मूठभर. खातंय ते वाकळंचं पोट."

त्यांची रीत अशी. आईंचं एक जुनं नऊवारी लुगडं घेतलं, फाडून चार सारखे तुकडे केले, दोन-दोन जोडून एक तळ झाला आणि एक वरची बाजू. तळ अंगणात पसरून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. त्यावर मधल्या ढिगातले तुकडे एकाला एक थोडे चढवून, शिवण न घालता, नुसते मांडले. एक थर, त्यावर आडवा दुसरा, मग तिसरा. शेणाने सारवावं तसा हात फिरवून प्रत्येक थर सपाट केला. वर लुगड्याची दुसरी बाजू, आणि तिच्यावर पुन्हा निवडक तुकडे, कडा आत दुमडून. मग कडेपासून धावदोरा सुरू, फिरत फिरत मध्याकडे. वेगळे जोडलेले चौकोन नाहीत, म्हणून शिवणीत जाणारं कापड नाही. टाक्यानेच सगळे थर एकमेकांना धरून ठेवतात.

कर्नाटकात यल्लापूर-हल्याळ भागातले सिद्दी लोक कवंदी नावाच्या गोधड्या शिवतात त्याही अशाच, कडेकडून मध्याकडे, तुकडे आधी न जोडता. त्यांच्या कोपऱ्यांवर घडी घातलेली कापडाची फुलं असतात. मावशींनी कोपऱ्यात फुलं घातली नाहीत, पण शेवटचा टाका घालायच्या आधी तांदळाचे चार दाणे आत सरकवले. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणाल्या.

अशा एका वाकळेत ढिगातले दोन किलो गेले, दीड पोटात आणि अर्धा वर. मावशींनी तीन शिवल्या, म्हणजे सहा किलो. मजुरी त्यांनी सांगितली तीच दिली, एकीचे १५०० रुपये. आईंना आधी हे पटलं नव्हतं. फुकटच्या चिंध्या संपवायला साडेचार हजार? पण त्यांचे स्वतःचे डोळे आणि पाठ तीन वाकळांना पुरणार नव्हते, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. वर मावशींनी स्वतःसाठी पाच किलो मागून घेतलं. एकेक तुकडा पारखून घेतला, सरसकट पोतं उचललं नाही. ते बघून आईंचा चेहरा उजळला होता.

एक वाकळ धुतल्यावर लाल झाली. शिंप्याकडच्या लाल तुकड्याचा रंग सुटला आणि पांढऱ्या ठिपक्यांवर गुलाबी ओघळ आले. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हे मी लहानपणापासून ऐकत आले, तसं करूनच तो लाल घेतला होता. उपयोग झाला नाही. पुढच्या दोन्हींना आम्ही ओला तुकडा पांढऱ्या रुमालात ठेवून वरून गरम इस्त्री दाबली, रुमालावर डाग आला की तो तुकडा बाद.

चुऱ्याचं काय झालं

चुरा भरून उशी करावी हे सगळ्यांनाच सुचतं, मलाही सुचलं. एका उशीत तीन किलोच्या वर चुरा गेला आणि डोकं ठेवल्यावर देवळाच्या पायरीवर झोपल्यासारखं वाटलं. कापडाचा चुरा कापसासारखा फुलत नाही, दबतो आणि बसतो. उशी उसवली.

जे उशीचं वैगुण्य, तेच लोडाला हवं असतं. लोड जड आणि कडक असेल तरच पाठ टेकल्यावर सरकत नाही. आईंनी जाड खादीची खोळ शिवली, चुरा कात्रीने आणखी बारीक केला, मधल्या ढिगातलं न खपलेलं दोन किलोही त्यात कापून घातलं आणि प्रत्येकी साडेचार किलोचे दोन लोड भरले. भरताना काठीने ठेचून भरावं लागतं, नाहीतर महिन्याभरात मध्ये खळगा पडतो. ते ओले मात्र होऊ द्यायचे नाहीत, आतून वाळायला आठवडा लागतो.

अर्धा किलो शुद्ध सुती चुरा मी कोथरूडच्या गच्चीतल्या खतपेटीत घातला. तीन महिन्यांनी कापड नाहीसं झालं होतं, पण त्यात राहून गेलेले शिवणीचे दोरे तसेच होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे मातीत गुंतलेले. दोरा पॉलिस्टरचा होता. पुन्हा हे करणार नाही.

पट्ट्यांना गिऱ्हाईक सहज मिळालं. घराजवळच्या रोपवाटिकेवाल्याला वेल आणि टोमॅटोची झाडं काठीला बांधायला मऊ सुती पट्ट्या हव्याच होत्या, कारण सुतळी कोवळ्या खोडात रुतते. त्याने तीन किलो नेल्या. पांढऱ्या कोऱ्या पट्ट्या वेगळ्या काढल्या होत्या, त्या किलोभर विठ्ठलाच्या देवळात गेल्या. काकड आरतीच्या काकड्याला त्या लागतात. गुरवांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "कोरं आहे ना?" उरलेल्या दोन किलोंच्या आईंनी वेण्या घातल्या आणि त्या गोल गोल शिवून चार पायपुसणी केली.

मोठ्या तुकड्यांना मागणी इतकी की वाटून द्यावे लागले. मुलींच्या शिवणवर्गाला काजं, हेम आणि रफू शिकवायला वीतभर कापड लागतंच, नवीन कापड त्यासाठी फाडवत नाही. त्यांनी पाच किलो घेतले. गल्लीतल्या दुचाकीच्या गॅरेजवाल्याने दोन किलो घेतले, पण आधी धुऊन मागितले. त्याचं म्हणणं, खळ असलेलं कापड तेल पीत नाही, नुसतं पसरवतं. जिल्हा परिषद शाळेतल्या एका बाईंना कार्यानुभवाच्या तासाला बाहुल्या करायच्या होत्या. त्यांनी मोठ्यातलं एक किलो आणि मधलं एक किलो नेलं, आणि बजावलं की पोतं नको, रंगवार लावून द्या, चाळीस पोरं एका पोत्यावर पडली तर तास संपतो. तेव्हा कुठे माझी रंगाची वर्गवारी कामी आली. पिवळं आणि हिरवं लगेच संपलं. तपकिरी कुणालाच नको होतं.

पॉलिस्टरचं पाच किलो शेवटपर्यंत छळत राहिलं. गॅरेजवाल्याने हात लावला नाही, कारण तेल शोषत नाही. वाकळेच्या पोटात मावशींनी घेतलं नाही, उकडतं म्हणून. आईंनी सुचवलं की वाडा सोडायच्या आधी शेवटचा बंब पेटवू आणि त्यात घालू. पूर्वी दिवाळीच्या पहाटे बंबात चिंध्या घालतच होतो की. त्या सुती होत्या, हे वितळतं आणि धूर घशात बसतो, असं म्हणून मी अडवलं, त्या थोड्या रुसल्या. किलोभर मावशींनीच ज्वारीच्या शेतात दोरीला बांधायला नेलं. कणीस भरताना पाखरं येतात, आणि या पट्ट्या वाऱ्यावर चकाकतात. कापणी झाल्यावर त्या काढून घ्यायच्या हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. बाकी चार किलो नगरपालिकेच्या सुक्या कचऱ्यात गेलं. त्यासोबत दोन किलो सडकं आणि दीड किलो चुरा. एकूण साडेसात किलो कचऱ्यात. त्याच्याहून कमी करता आलं असतं का? मला तरी रस्ता दिसला नाही, आणि 'उपयोगी आहे' असं म्हणत ते दुसऱ्याच्या दारात ठेवण्यापेक्षा हे बरं वाटलं.

आईंनी स्वतःसाठी तीन किलो ठेवले, पत्र्याच्या ट्रंकेत मावतील एवढेच. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात टेम्पो आला. दोन लोड, तीन वाकळा आणि ती ट्रंक कोथरूडला आली.

जूनमध्ये शिवणवर्गाच्या बाईंचा फोन आला. नवी तुकडी सुरू झाली होती, मुलींना मागचं कापड फार कामाला आलं होतं, आणखी आहे का? मी आईंकडे पाहिलं. मला वाटलं त्या ट्रंक उघडायला सांगतील.

"शनिवार पेठेतल्या शिंप्याचा नंबर दे त्यांना," आई म्हणाल्या. "आणि सांग, तो पोतं भरून द्यायला बघेल. घेऊ नका म्हणावं. बसून निवडा, आणि हवं तेवढंच आणा."